ड्रायव्हरचा मान

माझ्या मोठ्या भावाने आयुष्यात एकदाही दारू विकत घेतली नाही. त्याची बाजू घ्यायची म्हणून हे सांगत नाही, वस्तुस्थिती आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एकाही दुकानाने त्याला काउंटरसमोर पाहिलेले नाही, आणि मोहफुलांची दारू गाळणाऱ्या कुठल्याही घराच्या मागच्या दाराशी तो कधी उभा राहिला नाही. त्याला दारू मिळाली ती मानाने. खांद्यावर दुपट्टा, कपाळाला कुंकू आणि भोवती बायकांचे हसणे, अशा थाटात.

दादा जीप चालवायचा. बाजाराच्या दिवशी माणसे आणि पोती, पण त्याचे खरे नाव लग्नात. नवरदेवाची गाडी म्हणजे दादाची गाडी, असे आमच्या आसपासच्या गावांत ठरूनच गेले होते. आणि आमच्याकडे नवरदेवाच्या गाडीच्या ड्रायव्हरला मान असतो. नवरीच्या गावी गाडी पोचली की चाकांवर पाणी घालतात, बॉनेटला हळद-कुंकू लावतात, नारळ फोडतात. ड्रायव्हरला दुपट्टा आणि टोपी. खरा मान मात्र पाठवणीला. नवरी रडून-रडून गाडीत बसली की ड्रायव्हरने किल्ली फिरवायची आणि चेहरा पाडून सांगायचे, "गाडी हलून नाही राहिली जी." मग बायका हसतात, रडणारी नवरीही पदराआड हसते, आणि नवरीचा मामा स्टीलचा पेला घेऊन येतो. पेला रिकामा झाला की गाडी हलते. एका मामाचा पेला घेतला तर दुसऱ्या मामाचाही घ्यावा लागतो, नाहीतर तो रुसतो. काका असतात, आत्याचे यजमान फुफा असतात. सोयरे मोठे असले तर गाडी बराच वेळ हलत नाही.

मी शाळेत मराठी शिकवले, निवृत्त झालो, पुस्तके बरीच वाचली. मानपान या विषयावर माझे मत चांगले नाही. आपल्याकडे माणसाचे काही ऐकून घ्यायचे नसले की त्याचा सत्कार करतात. दादाला हे पटायचे नाही. तो म्हणायचा, "तुले कोनी मान देल्ला नाही बाबू, म्हनून तू असा बोलतोस." यात तथ्य होते.

वहिनीचे सगळे आयुष्य त्या पेल्याच्या पलीकडच्या टोकाला गेले. लग्नाच्या मोसमात दिवेलागणीनंतर ती दारात बसायची. आमची दोन घरे एकाच अंगणात आहेत, मध्ये एक भिंत. माझी बायको तिला म्हणायची, "जेवून घ्या वो, ते येतीन तवा येतीन." वहिनी "हो" म्हणायची आणि बसून राहायची. तिने त्याला पुष्कळदा सांगून पाहिले होते. त्याचे उत्तर ठरलेले असायचे. "मी कुठं पेतो? मान घेतो." आणि तो हे खोटे बोलत नव्हता. त्याला तसेच वाटत होते. साऱ्या मुलखालाच तसे वाटत होते.

त्या वर्षी गोरेगावात रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. मंडप, सोफे, सोफ्यांवर पांढरे टॉवेल. भाग घेणाऱ्या ड्रायव्हरांना मागे सतरंजी. पाहुण्यांनी कागदावरून वाचून दाखवले की शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर कलम एकशे पंच्याऐंशी लागते, दंड होतो, कैद होऊ शकते, लायसन निलंबित होते. सतरंजीवरच्या एकाने शेजाऱ्याला विचारले, "पेल्यात किती होते ते सांगाव ना यायनं." मग सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली की मद्यपान करून वाहन चालवणार नाही. दादाने अगदी मनापासून घेतली. घरी येताना मी त्याला म्हटले, "शपथ घेतलीस. आता?" तो म्हणाला, "घेतली ना. मी कुठं मद्यपान करतो?"

तो सापडला त्याच उन्हाळ्यात. मी गाडीत होतो. नवरदेव माझा जुना विद्यार्थी. मागच्या सीटवर नवरी, करवली आणि मी, पुढे नवरदेव. पाठवणी झाली होती, मान झाला होता, मामा दोन होते. गोरेगावच्या अलीकडे पोलीस उभे होते. जमादाराने खिडकीतून आत पाहिले, नवरीला पाहून थोडा ओशाळला, आणि तरीही यंत्र पुढे केले.

"फुंका."

दादाने छाती भरून फुंकले. जमादार म्हणाला, "लोक चोरून फुंकतात हो. तुम्ही तर शंख फुंकल्यासारखं फुंकलं."

"मले काय लपवाचं आहे?" दादा म्हणाला.

यंत्रावरचा आकडा पाहून जमादाराने मान हलवली आणि त्याला खाली उतरायला सांगितले. तोवर मागच्या गाडीतून नवरीचे मोठे मामा आले. त्यांच्या डोक्यावर अजून फेटा होता.

"साहेब, ते दारू नोहोय," मामा म्हणाले. "मानाची होय. म्याच देल्ली आपल्या हातानं."

"यंत्राला मान कळत नाही, काका."

"मंग कसलं यंत्र आनलं?"

"सरकारनं दिलं. तुम्ही फुंकता का?"

मामा दोन पावले मागे सरले. वऱ्हाडात लायसन असलेला आणि न प्यालेला माणूस शोधायला बराच वेळ गेला. शेवटी सापडला तो बँडच्या गाडीचा ड्रायव्हर, कारण बँडवाल्याला कोणी मान देत नाही. त्याने नवरीला सासरी नेले. दादा खांद्यावरच्या दुपट्ट्यासकट रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याला रक्त तपासायला नेले, मीही बरोबर गेलो. रक्ताचे म्हणणे यंत्रापेक्षा वेगळे नव्हते.

कोर्टाने दंड केला, लायसन सहा महिने निलंबित केले.

ते सहा महिने मला नीट आठवतात, कारण भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज यायचे. पहिले काही दिवस वाईट गेले. दादा चिडचिड करायचा, रात्री झोपायचा नाही, अंगाला घाम सुटायचा. वहिनीने बाहेर सांगितले, हिवताप आहे. मग हळूहळू तो निवळला. जीप अंगणात होती, तो ती रोज पुसायचा, पण दुपारनंतर धानाच्या बांधीवर जायचा. रोवणीला तो वहिनीबरोबर चिखलात उतरला. कित्येक वर्षांत उतरला नव्हता. कालव्याचे पाणी आले की दोघे मिळून पाणी वळवायला जायची. नवेगाव बांधच्या तलावावरून मासे आणायचा, स्वतः साफ करून द्यायचा. वहिनी माझ्या बायकोला सांगायची, "हे भात वाढा म्हनतेत. आधी कुठं समजत होतं त्यायले काय खाल्लं ते." माझ्या वहिनीचे लग्न होऊन तीस-एक वर्षे झाली होती. तिला नवरा त्या पावसाळ्यात मिळाला.

दादाला भेटायला माणसे यायची. येणारा प्रत्येक जण मला बाजूला घेऊन एकच विचारायचा. "गुरुजी, कोनी ओळखीचा साहेब आहे का? लवकर सोडवता येते का लायसन?" गावात मी कायद्याचे इंग्रजी वाचू शकतो असा समज आहे, म्हणून. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली, आणि माणसे म्हणाली, आता थोडेच दिवस राहिले, मोसमापर्यंत गाडी सुरू होते. दादाही जीपच्या इंजिनात हात घालून बसू लागला.

तेव्हा वहिनी माझ्याकडे आली. दादा बांधीवर धान पाहायला गेला होता. ती ओट्यावर बसली, पदर सारखा केला.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा."

"हे सहा महिने वाढवता येतेत का?"

मला वाटले मी नीट ऐकले नाही. तिने पुन्हा विचारले. ती काही चेष्टा करत नव्हती. एवढ्या माणसांनी शिक्षा कमी करण्याचा रस्ता विचारला होता. वाढवण्याचा विचारणारी ती एकटी.

"कशाला पण?" मी म्हटले. "तो आता घेत नाही ना?"

"देऊन कोन राहिलं त्यायले? लायसन आलं का मामा येतेत, पेला येते. हे नाही म्हनू शकत नाही. तुमाले माहीत आहे." मग ती म्हणाली, "एकटे बसून पेनारे असते त मी भांडली असती. हे त लोकाच्या हातानं पेतेत. किती मानसायशी भांडू?"

मी कायदा काढून वाचला. मोटार वाहन कायद्यात एक कलम आहे की, एखादा माणूस दारूच्या सवयीचा आहे अशी लायसन देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर त्याचे म्हणणे ऐकून घेऊन तो अधिकारी लायसन काही मुदतीसाठी बंद करू शकतो किंवा कायमचे रद्द करू शकतो. बायकोने अर्ज करू नये असे त्यात कुठे म्हटलेले नाही. करावा असेही म्हटलेले नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात अशी बायको आली नसावी.

मी तिला हे सगळे समजावून सांगितले. लिहावे लागेल की नवरा दारूच्या सवयीचा आहे. त्याला बोलावतील. तुम्हालाही बोलावतील.

"त्यायच्यासमोर सांगा लागंल?"

"हो."

तिने अंगणातल्या जीपकडे पाहिले. मग म्हणाली, "लिवा."

मी लिहिले. तिने सही केली. माझी बायको आतून ऐकत होती, वहिनी गेल्यावर ती मला म्हणाली, "हे बरं नाही होनार." मी म्हटले, "मेला तर बरं होईल का?" आम्ही दोघेही खरे बोललो होतो.

नोटीस आली तेव्हा दादा माझ्याकडे आला. अर्ज वहिनीचा आहे हे त्याने वाचले होते. त्याला राग आला नव्हता, गंमत वाटत होती. "बायकायचं काय, कोनी भरवलं असंल," तो म्हणाला. त्याने मला विचारले नाही की लिहिला कोणी. विचारले असते तर मी सांगितले असते. मला वाटते म्हणूनच त्याने विचारले नाही. त्याला वाटले होते साहेबासमोर ती पदर तोंडाला लावेल आणि विषय संपेल. तरी खबरदारी म्हणून गावातली चार मोठी माणसे बरोबर घेतली.

गोंदियाच्या त्या कार्यालयात आम्ही सगळे एकाच बसने गेलो. दादा, मोठी माणसे, वहिनी, मी. बसमध्ये दादाने वहिनीसाठी खिडकीची जागा धरली होती. कार्यालयातल्या बाबूने अर्ज पाहिला आणि चष्म्यावरून मला विचारले, "गुरुजी, लोग तो यहाँ लाइसेंस बचाने आते हैं. ये कटवाने आई हैं?" मी म्हटले, हां. तो म्हणाला, "पहली बार देखा." आणि वहिनीला बसायला स्वतःची खुर्ची दिली. त्या दिवशी तिला मिळालेला मान तेवढाच.

साहेब वयाने लहान होते, पण ऐकून घेणारे होते. आधी मोठी माणसे बोलली. एक जण म्हणाला, "साहेब, या मानसानं बिडी बी विकत नाही घेतली कधी."

"मग सापडले ते?"

"ते मान होता जी."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी बी मानच."

"वर्षातून किती वेळा होतो हा मान?"

मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. लग्ने असतात, बारशी असतात, कोणाचा नवीन ट्रॅक्टर येतो, कोणाचा पोरगा पास होतो. दादा आला की पेला येतोच. बोलता-बोलता त्यांनीच दादाच्या विरुद्ध चांगली साक्ष दिली, आणि दिली हे त्यांना कळलेही नाही. तेवढ्यावर निकाल लागला असता तर सगळे वेगळे झाले असते. पण साहेब नियमाने वागणारे होते. अर्जदाराचे म्हणणे ऐकायला हवे.

"बाई, घरात भांडण आहे का? मारतात का हे?"

"नाही जी. हात नाही लावला कधी."

"मग अर्ज कशासाठी?"

"मानूस चांगला आहे, साहेब," वहिनी म्हणाली. "म्हनूनच त पायजे."

साहेबांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "पण सवय आहे हे कशावरून म्हणता? लोक देतात, ते घेतात. कोणी दिली नाही तर घेत नाहीत, असं हे सगळे सांगताहेत."

वहिनीने दादाकडे पाहिले नाही. टेबलाच्या कडेकडे पाहत ती म्हणाली, "लायसन गेलं तवा घरी होते. पैल्या आठवड्यात त्यायच्या हातात चहाचा कप नव्हता राहात. हात थरथरत होते. मी कप धरत होती, मंग ते पेत होते. लोकायले हिवताप सांगतला. हिवताप नव्हता, साहेब."

मोठ्या माणसांपैकी एकाने दादाच्या हातांकडे पाहिले, मग दुसऱ्याने. दादाचे हात मांडीवर होते. त्याने ते उचलले आणि पाठीमागे नेले, शाळेत छडी पाहून पोरे नेतात तसे. दादाचे हात म्हणजे आमच्या भागातली मोठी गोष्ट होती. चिखलात फसलेली गाडी लोकांनी त्याच्या हाती द्यावी, कालव्याच्या अरुंद पाळीवरून त्याने वऱ्हाड न्यावे, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्यांनी डुलकी काढावी. दारू पितो म्हटले असते तर तो हसला असता. ती त्याच्या हातांबद्दल बोलली होती.

साहेबांनी विचारले, "खरं आहे का?"

दादा म्हणाला, "ते म्हनते तसं लिवा."

परतीच्या बसमध्ये तो पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला. वहिनी मागे माझ्याजवळ होती. गोरेगाव येईपर्यंत ती त्याच्या मानेकडे पाहत होती.

"रागवले असतीन," ती म्हणाली.

"असेल."

"बोलतीन दोन-चार दिवसात."

आदेश काही दिवसांनी डाकेने आला. लायसन दोन वर्षांसाठी बंद. तोपर्यंत दादा वहिनीशी एक शब्द बोलला नव्हता, आणि आमच्याकडे जेवायला लागला होता. तो भांडला नाही, ओरडला नाही. संध्याकाळी आला, हातपाय धुतले, माझ्या पाटाशेजारी बसला. माझ्या बायकोने मुकाट्याने ताट वाढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. बायकोच्या हातचे न खाणे म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

झोपायला तो घरीच जायचा, पुढच्या पडवीत. वहिनी आत. काही सांगायचे असले तर मला सांगायचा. "घरी सांग, धान कापनीले आला." वहिनी चार हातांच्या अंतरावर अंगण झाडत असायची. मी तिला सांगायचो, "धान कापणीला आलंय." ती म्हणायची, "सांगा, इळे धार लावून ठेवले." आयुष्यभर मी मुलांना संवादलेखन शिकवले. असे लेखन कोणी मला दिले असते तर मी शून्य गुण दिले असते.

गावाने वहिनीला सोडले नाही. हळदीला गेली की कोणीतरी म्हणायचे, "सरका वो, लायसनवाली आली." एक म्हातारी तिला तोंडावर म्हणाली, "नवऱ्याले बांगड्या भरल्यास तू." वहिनी म्हणाली, "भरल्या. कुंकू त आहे." मग तिने हळदीला जाणे बंद केले. ज्या मामांनी पेले दिले होते त्यांना कोणी काही बोलले नाही. मोसमात ते फेटा बांधून फिरत होते.

जीप नवेगाव बांधच्या एका माणसाने विकत नेली. आता ती तलावावरची मासळी वाहते.

आमच्या घरात एक व्यवस्था सुरू झाली होती, ती मी सांगितली पाहिजे. दादासाठी भाजी माझी बायको करत नव्हती. दिवस मावळायच्या आत वहिनी मागच्या दाराने स्टीलच्या गंजात भाजी आणून द्यायची, बायको ती आमच्या भांड्यात काढायची. हे ठरवून झाले नव्हते. पहिल्या दिवशी वहिनी भाजी घेऊन दारात उभी राहिली आणि बायकोने घेतली, एवढेच. दादा जेवायचा, छान झाली म्हणायचा नाही, वाईटही म्हणायचा नाही. मला वाटायचे त्याला पत्ता नाही.

मग एका श्रावणात वहिनीला तापाने धरले. भाजी आली नाही, बायकोने स्वतः वांग्याची केली. दादाने पहिला घास घेतला, चावला आणि थांबला.

"बरी नाही का ते?" त्याने विचारले.

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "ताप आहे परवापासून."

त्याने सगळे ताट संपवले. सकाळी पहिल्या बसने गोरेगावला गेला, औषध घेऊन आला, पेरू आणले. पिशवी माझ्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "घरी दे." पंधरा पावलांवर तिची खाट होती. मी म्हटले, "तूच दे ना गा." तो बांधीकडे चालू लागला.

वहिनीने पेरू पाहिले आणि विचारले, "काही म्हटलं?"

मी म्हटले, "नाही."

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावचा ड्रायव्हर गेला. दादानंतर नवरदेवाच्या गाड्या तोच चालवायचा. चांगला माणूस, हसरा. पाठवणी करून निघाला आणि कालव्याजवळच्या वळणावर गाडी झाडावर आदळली. नवरा-नवरी वाचली, तो राहिला नाही. आम्ही दोघे मयतीला गेलो. तिथे फेटे नव्हते, पण माणसे तीच होती. एक जण म्हणत होता, "गाडीत काही दोष होता म्हनते." दुसरा म्हणाला, "मानाचा ड्रायव्हर होता." गेलेल्याची बायको आत भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातातल्या बांगड्या बायका काढत होत्या. दादा दाराशी उभा राहून ते पाहत होता. मी त्याला बोलावले, तो हलला नाही.

परत येताना आम्ही पायीच होतो. गाव दिसू लागले तेव्हा तो म्हणाला, "तिनं खरं सांगतलन, बाबू."

मला भीती वाटली की मी बोललो तर तो थांबेल.

"त्याच्या जागी मी असतो आज," तो म्हणाला.

"मग घरी सांग."

तो चालत राहिला. घर आले तसा तो माझ्या ओट्यावर बसला. मी थेट भिंतीपलीकडे गेलो. वहिनी लाखोरीची डाळ निवडत होती. मला धीर धरवला नाही. म्हातारपणी शाळेतल्या पोरासारखा मी धावतच गेलो होतो. म्हटले, "वहिनी, तो म्हणाला तुम्ही खरं सांगितलं. म्हणाला, त्या ड्रायव्हरच्या जागी आज मी असतो."

तिचे हात थांबले.

"तुम्ही कायले सांगता भाऊजी?" ती म्हणाली. "त्यायले तोंड नाही का?"

त्या संध्याकाळी मी हे दादाला जसेच्या तसे सांगितले. तो जेवत होता. त्याने घास खाली ठेवला.

"सांगू कसा?" तो म्हणाला. "खोटं बोलली असती त भांडलो असतो, दोन दिवसानं बोललो असतो. खऱ्यावर कसा भांडू? अन् भांडल्याबिगर कसा बोलू? इतके दिवस झाले बाबू, आता पैला शब्द कोनता बोलाव तेच समजत नाही."

मी इतकी पुस्तके वाचली आहेत. पहिला शब्द मलाही सुचला नाही.

दोन वर्षांची मुदत संपली. आता अर्ज करून, चाचणी देऊन तो लायसन परत घेऊ शकतो. मुदत संपल्याचे त्याला मी सांगितले, तो "हो" म्हणाला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला. त्याचे हात आता स्थिर आहेत. मी मुद्दाम पाहतो.

वहिनीला जे हवे होते ते मिळाले आहे. तो रोज दिवस मावळायच्या आत येतो, शुद्धीवर येतो, धडधाकट येतो. तिच्या दारासमोरून येतो आणि माझ्या दारात शिरतो. मी जो अर्ज लिहिला त्यात तिने मागितले होते तेवढेच होते, आणि सरकारने ते दिले.

परवा ती भाजी घेऊन आली तेव्हा मीच दारात होतो. दादा आत ताटावर बसला होता, त्याला तिचा आवाज ऐकू जात असणार.

"गोंदियाले गेले का लायसनसाठी?" तिने विचारले.

"नाही."

"जानार आहेत?"

"नाही म्हणतो."

आत ताटाचा आवाज थांबला होता.

"भाजीत मीठ कमी आहे आज," ती म्हणाली. "वरून घ्याले सांगा." आणि गेली.

मी आत आलो. दादाने मी काही सांगायच्या आधीच मिठाची वाटी ओढली होती.